टू-स्ट्रोकला टॅपेट नसतात, मग चढाला वाजतं ते काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. यामाहाची जुनी आरएक्स १०० घेतलीत, बोअर करून म्हणजे सिलिंडरचं भोक मोठं करून नवा पिस्टन टाकलात आणि त्याच वेळी 'पिकअप वाढेल' म्हणून कुणीतरी हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण घासून दिलं. कोल्हापुरात गाडी झकास पळते. पण खाली कोकणातल्या वैभववाडीहून करूळ घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये रेस पिळली की इंजिनातून बारीक टिकटिक ऐकू येते. एकाने टॅपेट सांगितलं, दुसऱ्याने पिस्टन ढिला सांगितला, तिसरा म्हणाला जुन्या गाडीला एवढा आवाज असायचाच. हे डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमधला पेट्रोल-हवेचा गॅस आपणहून एकदम पेटणं, आहे का आणि ते कानाने ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. सोबत मोबाईलवर टिपलेला आवाजही पाठवलाय.

टॅपेटवाल्याला आधी नमस्कार. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, तर व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट येणार कुठून? ब्लॉकला पोर्ट म्हणजे गॅस आत-बाहेर जायची भोकं आहेत, कार्बोरेटरच्या पुढे रीडच्या पट्ट्या आहेत, झालं. पण त्याच्या कानाला मी नावं ठेवणार नाही. फोर-स्ट्रोकवर हात बसलेल्या माणसाला हा आवाज ढिल्या टॅपेटसारखाच लागतो. त्याला ऐकू आलं ते बरोबर होतं, नाव तेवढं चुकलं.

मी हा आवाज शिकलो रिक्षांवर. तेव्हाच्या रिक्षा टू-स्ट्रोक, आणि पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचा धंदा जोरात. रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे आपणहून न पेटता तग धरायची ताकद, इतका कमी की लोडवर इंजिन वाजायलाच लागायचं. गॅरेजसमोर थोडा चढ होता. रिक्षा दारात येऊन उभी राहायच्या आधीच आमचे मिस्त्री पान्यावरून नजर न उचलता म्हणायचे, "रॉकेल आलं." मला वाटायचं वासावरून सांगतात. सहा महिने गेले तेव्हा कळलं, वास नंतर येतो, आवाज आधी.

तो आवाज असतो कसा, ते शब्दांत सांगणं अवघड, तरी प्रयत्न करतो. स्टीलच्या ताटात उंचावरून कोरडा साबुदाणा सोडा. त्यातली तर्रकन येणारी धातूची धार ध्यानात ठेवा. हलकं डेटोनेशन असेल तर त्यातले चार-दोनच दाणे पडतात: टिक, टिक-टिक, मग काही नाही, पुन्हा टिक. ताल नसतो, आणि ती बेतालपणाची खूण फार मोलाची. बेअरिंग वाजलं तर प्रत्येक फेऱ्याला वाजतं, म्हणून त्याला ठेका असतो. डेटोनेशन सुरुवातीला दहा-वीस स्फोटांतून एखाद्यातच होतं, म्हणून ते शिंतोडे उडाल्यासारखं येतं. वाढलं की दाणे एकमेकांत मिसळतात आणि काचेच्या बरणीत खिळे हलवल्यासारखी खळखळ सुरू होते. तिथवर गाडी नेऊ नये. मोहरी तडतडण्याशी याची तुलना करतात ती मला पटत नाही. मोहरीचा आवाज बसका असतो, त्यात पत्रा नसतो.

आत काय होतं ते झटकन सांगून पुढे जातो. पिस्टन वर पोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत प्लगपासून कडेकडे सरकत जाते. तिच्यापुढचा, कडेला उरलेला गॅस दाबला जातो, तापतो. ज्योत पोचेपर्यंत त्याने तग धरला तर सगळं ठीक. नाही धरला तर तो सगळा एकदम आपणहून पेटतो आणि दाबाच्या लाटा बोअरच्या एका भिंतीवरून दुसरीवर आपटत राहतात. आपण ऐकतो ती ही आपटाआपट. या लाटांची दुसरी करामत जास्त वाईट. पिस्टनच्या माथ्यावर गॅसचा एक पातळ, त्यामानाने थंड थर असतो, तो या लाटा खरवडून काढतात. मग आगीची धग थेट अ‍ॅल्युमिनियमवर. पिस्टन मरतो तो मुख्यतः या धगीने.

लाटा भिंती-भिंतींमध्ये फिरतात म्हणजे बोअर जितका लहान तितका स्वर उंच. आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०. गणित केलं तर मुख्य स्वर ११,००० हर्ट्झच्या आसपास येतो. ८०-८५ मिलिमीटर बोअरच्या कारमध्ये तो साडेसहा-सात हजारावर असतो. म्हणून कारचं नॉकिंग, म्हणजे हाच डेटोनेशनचा आवाज, सगळ्यांना ऐकू येतं आणि आपल्या छोट्या टू-स्ट्रोकचं बरंचसं निसटतं. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली माझ्या वयाची. पन्नाशी ओलांडलेल्या कानातून, त्यातही सायलेन्सरशेजारी जन्म काढलेल्या कानातून, सगळ्यात आधी जातात ते हेच वरचे स्वर. मला आज त्यातला खालचा, हेड आणि ब्लॉक हादरल्याचा भागच ऐकू येतो. म्हणून शंका आली की मी गॅरेजमधल्या एकोणीस वर्षांच्या पोराला मागे बसवतो. त्याला 'काय ऐकू येतं' एवढंच विचारतो, काय ऐकायचं ते सांगत नाही. दुसरी गोष्ट तुमच्या रेकॉर्डिंगची. ते तीनदा ऐकलं आणि त्यावरून मी काहीही सांगणार नाही. मोबाईलवरचा व्हॉइस मेसेज माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. बारीक, उंच आवाज तो कापून टाकतो. जे हवंय तेच त्यात नाही. उरलेली खडखड नंबरप्लेटचीही असू शकते.

आता मुद्द्याचं. नुसत्या आवाजाच्या पोतावरून निदान करायला जाल तर फसाल, मीही फसलोय. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने जातो ते बघा.

रिकामा चढ शोधा, इंजिन चांगलं तापू द्या. तिसऱ्या गिअरमध्ये तीसेकच्या वेगाने या आणि रेस पाऊण उघडा. टिकटिक सुरू झाली की रेस जराशी, अगदी बोटभर, मागे घ्या. डेटोनेशन असेल तर बटण दाबल्यासारखं तिथल्या तिथे थांबतं. पुन्हा उघडा, पुन्हा येतं. मग त्याच वेगाला दुसरा टाका. आरपीएम वाढले, प्रत्येक स्फोटाला मिळणारा वेळ घटला, कडेच्या गॅसला आपणहून पेटायची सवड उरली नाही, की आवाज बहुधा गायब होतो. बेअरिंगचं उलट असतं. आरपीएम वाढले की ते जास्त ओरडतं.

सगळ्यात चांगली परीक्षा चोकची. लोडवर टिकटिक चालू असताना क्षणभर चोक अर्धा ओढा. हात हँडलवरून काढावा लागतो, म्हणून रस्ता खरोखर मोकळा असेल तरच. मिक्स्चर श्रीमंत झालं म्हणजे त्यात पेट्रोल वाढलं, इंजिन जरा घोगरं झालं आणि टिकटिक गेली, तर प्रश्न मिटला. चोकने ढिला पिस्टन घट्ट होत नाही. बेअरिंग, पिन, क्लच यांना तुम्ही काय पेट्रोल पाजता याचं सोयरसुतक नसतं. पेट्रोल बदलल्याने किंवा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) किंचित मागे घेतल्याने जो आवाज कमी होतो तो जळण्याचा आवाज. बाकी सगळे लोखंडाचे.

तापमानाचीही अशीच खूण आहे. पिस्टन ढिला असेल तर सकाळी पहिल्या किकला टकटक जास्त आणि गरम झाल्यावर कमी, कारण पिस्टन फुगून बोअरमध्ये बसतो. डेटोनेशन थंड इंजिनात नसतं. घाटात सात-आठ वळणं झाल्यावर ते डोकं वर काढतं. तुमचा आवाज घाटाच्या पायथ्यापासून होता की मध्यावर सुरू झाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवून बघा.

आरएक्समध्ये चकवणारे आवाज बरेच. क्लचची डबी ढिली असली की न्यूट्रलला खळखळते आणि क्लच दाबला की गप्प होते. सायलेन्सरच्या आतली नळी सुटली तर ठरावीक आरपीएमलाच झणझणते, चढ असो की उतार. हेड-ब्लॉकच्या पंख्यांमधले रबराचे तुकडे गळून पडले असतील तर पंख्या घंटेसारख्या गुणगुणतात. तो आवाज लांबट आणि गोड असतो, त्यात दाणे नसतात. पिस्टन पिनचं बेअरिंग गेलं की रेस सोडताना करकर जास्त येते. आणि एक आवाज असा आहे ज्याला लोक उगाच घाबरतात. सपाटीवर अर्ध्या रेसला गाडी बड-बड-बड करते, एक फायर सोडून एक घेतल्यासारखी. तो मिक्स्चर श्रीमंत असल्याचा आवाज. त्यापायी प्लग काळा होईल, पेट्रोल जास्त जाईल, पण पिस्टन मरणार नाही. ही बडबड घालवायच्या नादात जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) बारीक करून लोक ज्या खड्ड्यात पडतात, त्याचंच नाव डेटोनेशन.

तुमच्या गाडीत आणखी एक शक्यता आहे. हेड घासल्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला हेडला हलकेच टेकत असेल. तो टकटक आवाज जास्त आरपीएमला येतो, लोड असो वा नसो. हेड उघडलंत की पिस्टनच्या कडेला कार्बन पुसलेली चकचकीत अर्धचंद्राकृती खूण दिसेल.

कान कुठे साथ सोडतो तेही सांगायला हवं, कारण पिस्टन तिथेच जातात. घाटातली टिकटिक ऐकू तरी येते. हायवेला पूर्ण रेसवर साडेसात हजार आरपीएमला सेकंदाला सव्वाशे स्फोट होतात, सायलेन्सर किंचाळत असतो, डोक्यावर हेल्मेट, कानात वारा. टू-स्ट्रोकचा सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो तोही याच टापूत. तिथे डेटोनेशन सुरू झालं तर कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. माझी स्वतःची गाडी मी अशीच घालवली. जेट एक नंबर बारीक टाकला होता आणि गाडी आयुष्यात इतकी छान कधी पळाली नव्हती. आवाज कोरडा, खणखणीत, ओढ जबरदस्त. पाच-सहा किलोमीटर मी खूश होतो. मग ओढ थोडी मंदावली. मी रेस सोडायची ती आणखी पिळली, आणि मागचं चाक लॉक. क्लच दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला असता तर हे लिहायला मी नसतो. पूर्ण रेसवर आवाज अचानक 'सुकला' आणि गाडी नेहमीपेक्षा चांगली पळू लागली, तर मला आता आनंद होत नाही. हात आपोआप क्लचवर जातो.

घरी येऊन हेड काढलं तर पिस्टनची सायलेन्सरकडची कड उंदराने कुरतडल्यासारखी. बाकीच्या कडेवर सॅंडब्लास्टिंग केल्यासारखा खरखरीत पट्टा, हेडच्या कडेलाही तसाच. वरच्या रिंगची खाच दबून रिंग तिथेच अडकलेली. डेटोनेशनची सही ती. बरोबर मधोमध वितळून भोक पडलं असेल तर गुन्हेगार वेगळा, तिथे प्री-इग्निशन असतं. म्हणजे ठिणगीच्या आधीच एखादा लाल झालेला कार्बनचा कण किंवा चुकीच्या हीट रेंजचा प्लग गॅस पेटवतो. त्याला वेगळा आवाज नसतो, म्हणून तो जास्त घातकी. दोघं एकमेकांना बोलावतातही. डेटोनेशनने प्लग तापतो, तापलेला प्लग प्री-इग्निशन आणतो.

हेड न काढता साक्ष हवी असेल तर प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे कण आणि मधेच चमकणारे रुपेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. असा प्लग मी पुसत नाही, गिऱ्हाइकाच्या हातात देतो. दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा लवकर पटतं.

ऐकायचं साधन घरी बनतं. बोटाएवढ्या जाडीची हातभर तांब्याची नळी घ्या, एक टोक ठोकून चपटं करा, त्याला भोक पाडा. हेडच्या नटाला धक्का न लावता त्यावर दुसरा नट लावून त्याखाली ते टोक आवळा. मोकळ्या टोकाला रबराची नळी आणि तिच्या पुढे जुना स्टेथोस्कोप किंवा कारखान्यात वापरतात तसं कानबंद. रेसच्या गाड्या ट्यून करणारे हेच वापरतात. सायलेन्सर आणि वारा बाजूला राहतो, हेडमधलं तेवढं कानात येतं. पहिल्यांदा ऐकाल तर प्रत्येक स्फोट हातोडा मारल्यासारखा वाटून घाबराल. ते नेहमीचं आहे. त्या ठोक्यांवर काच तडकल्यासारखी धार आली की ते डेटोनेशन. मात्र ऐकायचं मागे बसलेल्याने, चालवणाऱ्याने कानात काही घालायचं नाही.

आता तुमचा घाट. गाडी कोल्हापुरात नीट आणि घाटाखाली वाजते, यात नवल नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. वैभववाडीला उतरलात की हवा चारेक टक्के जड होते. जेट तोच, हवा जास्त, म्हणजे मिक्स्चर गरीब झालं आणि सिलिंडरमधला दाबही वाढला. वर तिथली गरमी आणि लागलीच चढ. कोकणातली दमट हवा डेटोनेशनला थोडा लगाम घालते, पण तेवढ्यावर भागत नाही. वर पठारावर सगळं जेमतेम सांभाळलं जात होतं, ते खाली उघडं पडलं.

मुळाशी बहुधा ते घासलेलं हेड आहे. ५० मिलिमीटर बोअरवर अर्धा मिलिमीटर घासला की जवळपास एक सीसी जागा जाते. इतक्या छोट्या इंजिनात ज्वलनाची एकूण जागाच दहा सीसीच्या अल्याडपल्याड असते. म्हणजे लेथवाल्याने दोन मिनिटांत दहावा हिस्सा उडवला. किती घासलं हे त्याला विचारून तुम्हाला आकडा मिळणार नाही, 'हलकंच मारलंय' एवढंच उत्तर येईल. स्वतः मोजा. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार बोअरच्या भिंतीला टेकेल अशी आत घाला, हाताने मॅग्नेटोचं चाक फिरवून पिस्टन वरून पार करा आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. एक मिलिमीटरच्या जवळपास आलं तर पिस्टन आणि हेडमधली कडेची जागा ठीक आहे. अर्ध्याच्या खाली असेल तर गाडी चालवूच नका.

पेट्रोलबद्दल दोन गैरसमज आहेत. 'शिसं बंद झालं म्हणून जुन्या गाड्या वाजतात' हे मी आठवड्यातून एकदा ऐकतो. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली याने शिशाचं संयुग घालून नॉकिंग थांबवलं हे खरं, आणि भारतभर शिसंवालं पेट्रोल बंद झालं ते २००० साली हेही खरं. पण आरएक्स रस्त्यावर आली तेव्हा साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं होतं, नंतर ते ९१ झालं. शिशाचा दुसरा फायदा व्हॉल्व्हच्या सीटना व्हायचा, त्या आपल्याकडे नाहीतच. दुसरा गैरसमज एथेनॉलचा. एथेनॉलने ऑक्टेन वाढतो, घटत नाही. अडचण वेगळी आहे. पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, एथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के एथेनॉल घातलं तर त्याच जेटवर मिक्स्चर सहा-सात टक्के गरीब होतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते भरून काढतो, आपला कार्बोरेटर नाही. म्हणून मी हल्ली प्रत्येक आरएक्सला मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालून प्लग बघतो.

तेल जास्त घातलं तर इंजिन सुरक्षित, हाही असाच एक समज. टाकीत ओतलेलं जादा टू-टी ऑइल पेट्रोलची जागा खातं, मिक्स्चर आणखी गरीब होतं आणि ऑक्टेनही उतरतो.

तुम्ही कामाला लागाल तर या क्रमाने लागा. आधी हवा कुठून चोरली जाते ते शोधा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. कार्बोरेटर आणि रीडमधल्या रबराला चीर आहे का, मॅग्नेटोकडचं क्रँकचं ऑइल सील फुटलंय का. रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला कुरकुरत असतील तर सीलवर संशय घ्या. मग मॅग्नेटोची प्लेट. 'पिकअप'साठी हेड घासणारा माणूस प्लेटची भोकं कानशीने लांबवून टायमिंगही पुढे ढकलतो, असा माझा अनुभव आहे. मॅग्नेटोच्या चाकाची चावी अर्धवट कातरली असली तरी टायमिंग सरकतं. ते पुस्तकातल्या आकड्यावर डायल गेजने आणा, अंदाजाने नको. त्यानंतर जेट, आणि मग सोल्डरची तार. जागा कमी भरली तर ब्लॉकखाली जाड पॅकिंग घालून निभवायचा सल्ला मिळेल. त्याने पोर्ट वर सरकतात आणि गाडीचा स्वभाव बदलतो. बाजारात मूळचं न घासलेलं हेड शोधा, जुनं चालेल.

हे होईपर्यंत घाटात तिसऱ्याचा हट्ट सोडा आणि दुसऱ्याने चढा. हेड उघडलंत की पिस्टन पुसण्याआधी फोटो काढून पाठवा, सायलेन्सरकडची कड उजेडात येईल असा.